मदत हवी आहे: देवस्थानाचा पैसा पतसंस्थेत ठेवता येतो का?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या देवस्थान ट्रस्टवर यंदा मला विश्वस्त म्हणून घेतलंय. जीर्णोद्धारासाठी लोकांनी दिलेले १८ लाख रुपये खात्यात आहेत, पण काम दिवाळीनंतरच सुरू होईल. आमचे अध्यक्ष म्हणतात, तोवर तालुक्याच्या पतसंस्थेत ठेवू, व्याज जास्त मिळतं. माणूस सरळ आहे, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण माझा जीव धजत नाही. त्या पैशात शेतमजुरी करणाऱ्या बायकांचे पन्नास-शंभर रुपयेही आहेत.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३५ वाचलं. लगेच खर्च न होणारी रक्कम शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोख्यांत ठेवायची, असं त्यात आहे. ट्रस्टच्या घटनेत वेगळं लिहिलं असलं तरी हेच बंधन. पतसंस्था म्हणजे सहकारी बँक नव्हे, आणि ठेवींवरचं ५ लाखांचं विमा संरक्षणही तिला नसतं.

धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढून असं करता येतं का? कुणाला प्रत्यक्ष मिळाली आहे का? आणि बहुमताने ठराव झालाच, तर इतिवृत्तात माझा विरोध नोंदवणं पुरेसं आहे, की आयुक्तांना लेखी कळवावं लागेल?

बैठक येत्या रविवारी आहे. ट्रस्टचं काम केलेल्या वकील किंवा सीए मंडळींनी कृपया सांगावं.