प्रतिसाद: लॅटव्हियनमधला 'दिएव्स' आणि पालीतला 'देव'

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की लॅटव्हियन (युरोपातल्या लॅटव्हिया देशाची भाषा) 'दिएव्स' म्हणजे 'देव' हा शब्द भारतातून तिकडे गेला असावा. मला ते पटत नाही. 'दिएव्स' आणि पाली-संस्कृतातला 'देव' हे दोन्ही शब्द एकाच भारोपीय (भारतापासून युरोपापर्यंत पसरलेल्या भाषाकुळाच्या) मुळातून आलेले सख्खे चुलत भाऊ आहेत. मूळ अर्थ 'आकाशातला, तेजाचा'. लॅटव्हियनमध्ये दिवसाला 'दिएना' म्हणतात, तोही याच घराण्यातला. (ग्रीक 'थिऑस' मात्र यातला नव्हे, दिसायला कितीही जवळचा वाटो.)

शेवटचा 'स' बघा. संस्कृत 'देवः'मधला विसर्ग म्हणजे तोच. लॅटव्हियनची बहीणभाषा लिथुआनियन, तिच्या 'दिएवस'मध्ये 'अस' शाबूत आहे, लॅटव्हियनने त्यातला 'अ' गाळला आणि पालीत 'देवो' झालं.

अर्थ मात्र वेगळ्या वाटांनी गेले. लॅटव्हियन लोकगीतांतला दिएव्स घोड्यावरून टेकडी उतरून शेतकऱ्यांकडे येतो. पुढे ख्रिस्ती ईश्वरालाही हेच नाव मिळालं. पालीत राजाला 'देव' म्हणून हाक मारतात आणि 'देवो वस्सति' म्हणजे चक्क पाऊस पडतो! सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथातला धनिय नावाचा गुराखी 'हवं तर बरस, देवा' असं म्हणतो, ते या पावसालाच. आकाशाचा जुना अर्थ तिथे अजून ओला आहे, मला तो फार आवडतो.