‘व्हेरी’ नामाच्या आधी कसा काय?

प्रश्न: मुलीच्या नववीच्या पुस्तकात ‘द व्हेरी मॅन’ असं आलंय. ‘व्हेरी’ म्हणजे ‘खूप’ ना? मग इथे अर्थ कसा लावायचा?

उत्तर १: ‘तोच माणूस’. इथे ते विशेषण आहे.

उत्तर २: ताई, मी बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. हा माझा फार आवडता शब्द, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. लॅटिन ‘वेरुस’ म्हणजे खरा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘वेरे’ आणि तिथून हा शब्द इंग्रजीत आला. 14व्या शतकात इंग्रज कवी चॉसर आपल्या काव्यातल्या सरदाराला याच शब्दाने ‘खरा’ म्हणतो. खरोखर चांगला म्हणता म्हणता पुढे तो खूप चांगला झाला! ‘द व्हेरी मॅन’मध्ये मूळ विशेषण टिकलंय. ‘व्हर्डिक्ट’मधला ‘व्हर’ही तोच: खरं बोलणं. ‘व्हेरी’ येण्याआधी इंग्रज ‘खूप’साठी ‘स्वीथ’ म्हणत. तो शब्द लोपला. ‘राइट’सुद्धा याच अर्थाने चाले. बॅरिस्टर जयकरांच्या नावाआधी ‘राइट ऑनरेबल’ लागायचं, त्यातला ‘राइट’ म्हणजे ‘अत्यंत’. मुलीला हे जरूर सांगा, पाठांतरापेक्षा जास्त लक्षात राहील.

प्रश्नकर्ती: किती छान! मग ‘व्हेरी अप्रिशिएटेड’ का खटकतं?

उत्तर २: कारण तिथे क्रियापदाचा जोर अजून शिल्लक आहे. म्हणून ‘व्हेरी मच अप्रिशिएटेड’. ‘टायर्ड’ मात्र पूर्ण विशेषण झालंय, त्याला नुसतं ‘व्हेरी’ चालतं.