'अतिरंजित', 'अचाट' की आणखी काही? देमार विनोदी चित्रपटासाठी कौतुकाचे विशेषण

आडवाट :
आमच्या परदेशातील महाराष्ट्र मंडळात पुढील महिन्यात महेश कोठारे यांचा 'धडाकेबाज' (१९९०) दाखवला जाणार आहे आणि त्याची इंग्रजी परिचयपत्रिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ मजकुरात चित्रपटाला 'ओव्हर द टॉप' म्हटले असून तेथे ते विशेषण उघडपणे प्रेमाचे आहे. मी 'अतिरंजित' असे लिहिले, तेव्हा समितीतील एका ज्येष्ठ बाईंनी आक्षेप घेतला की हा शब्द वाचून येणारी माणसेही घरी बसतील. त्यांचा आक्षेप रास्त आहे, परंतु पर्याय शोधू लागल्यावर अडचण अधिकच वाढली. भडक, बटबटीत, सवंग, आचरट, बाष्कळ हे सगळे शब्द अतिरेकाला नावे ठेवणारे आहेत; 'अतिरेकी' तर आता दहशतवाद्यासाठीच राखून ठेवल्यासारखा झाला आहे. कवटीचा मुखवटा घालून वावरणारा कवट्या महाकाल, किंवा बाटलीत राहणारा, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याच चेहऱ्याचा गंगाराम यांना तर्काची कसोटी लावण्यात अर्थ नाही, हे मला कळते आणि तरीही तो चित्रपट मला मनापासून आवडतो. या दोन्ही गोष्टी एका विशेषणात सांगणारा शब्द मराठीत आहे का?

दौत :
'अचाट' हा शब्द निःशंकपणे वापरावा. या शब्दाचा प्रवासच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. 'अचाट खाणे, मसणात जाणे' या म्हणीत तो प्रमाण सोडल्याबद्दल केलेली निंदा आहे, तर 'अचाट स्मरणशक्ती' म्हणताना आपण थक्क होऊन दाद देतो. निंदा आणि दाद अशी दोन्ही टोके ज्या शब्दाने पाहिली आहेत, तोच अशा चित्रपटाला शोभेल. आंतरजालावरील मराठी वाचकांनी 'अचाट आणि अतर्क्य' अशी जोडी करून तिचे 'अ आणि अ' असे लघुरूपही रूढ केले आहे, म्हणजे गरज लोकांना पूर्वीच जाणवली होती.

पाणवठा :
त्या जोडीत चिडवण्याचा सूर आहे, त्यामुळे परिचयपत्रिकेत ती नको. मला 'अतिशयोक्तिपूर्ण' हाच शब्द योग्य वाटतो, कारण आपल्या परंपरेत अतिशयोक्ती हा दोष नसून अलंकार आहे. शाळेत आपण सर्वांनी 'दमडीचं तेल आणलं' पाठ केले आहे. त्या दमडीच्या तेलात सासूबाईंचे न्हाणे होते, मामंजींची दाढी होते, आणि उरलेल्या तेलाचा ओघळ वेशीपर्यंत जाऊन त्यात उंट वाहून जातो. तेथे उंटाचे वजन कोणी विचारत नाही. जो समाज हे उदाहरण मुलांना आनंदाने शिकवतो, त्याने बाटलीतल्या गंगारामासाठी परक्या भाषेतून शब्द आणावा, हे मला खटकते.

दौत :
अलंकाराचे म्हणणे मान्य आहे, पण 'अतिशयोक्तिपूर्ण' हे विशेषण आज वर्तमानपत्रात 'दावे' या शब्दाला जोडूनच येते, त्यामुळे ते वाचल्यावर अलंकाराऐवजी खोटेपणा आठवतो. शिवाय परक्या भाषेचा मुद्दा येथे टिकत नाही. 'धडाकेबाज' या नावातला 'बाज' हा प्रत्यय फारसी आहे, आणि त्याला अमराठी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीने 'दिग्दर्शक' दिला, तो आपण आनंदाने वापरतो; म्हणून 'धडाका'ला 'बाज' जोडणाऱ्यांची मराठी कमी प्रतीची ठरत नाही.

कोरीपाटी :
शीर्षकांचा विषय निघालाच आहे, तर कोठारे यांच्या चित्रपटांची नावे ओळीने वाचून पाहावीत : 'धूमधडाका' (१९८५), 'दे दणादण' (१९८७), 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज'. ही बहुतेक नादातून घडलेली नावे आहेत. मराठी माणसाला अतिरेकाचे कौतुक करायचे असते तेव्हा तो तत्सम विशेषणाकडे जात नाही, नादाकडे जातो, असे माझे ठाम मत आहे. आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येत असे, आणि नायकाचा हात वर गेला की जमिनीवर बसलेले सगळे लोक 'दे! मार!' असे ओरडत. 'देमार' हा शब्द त्या आरोळीतूनच आला, असे माझे वडील सांगत. म्हणून पत्रिकेत 'देमार धमाल' लिहावे.

पाणवठा :
आपल्या वडिलांच्या आठवणीचा मान राखूनही सांगतो की ही व्युत्पत्ती मला पटत नाही. 'दे' हे आज्ञार्थी रूप मराठीत नुसता जोर देण्यासाठीही येते, आणि 'दे दणादण' हेच त्याचे उदाहरण आहे. तेथे कोणी कोणाला काही देत नाही. 'देमार' त्याच साच्यातला असावा, त्यासाठी तंबूपर्यंत जाण्याची गरज नाही.

कोरीपाटी :
साचा तोच असला, तरी तो चित्रपटाला पहिल्यांदा कोणी लावला हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर व्याकरणात मिळणार नाही, प्रेक्षकांतच मिळेल.

रेघ :
मूळ प्रश्नात एक खोल गोष्ट आहे, तिकडे वळावेसे वाटते. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने म्हटले आहे की अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरे कारण नाही. त्या न्यायाने आपला हा चित्रपट पहिल्याच रिळात कोसळायला हवा. परंतु त्याच परंपरेतला अभिनवगुप्त सांगतो की हास्याचे विभाव, म्हणजे हास्य जागवणारी कारणे, अनौचित्यातूनच जन्माला येतात. जे वीररसाला मारक, तेच हास्यरसाचे बी ठरते. देमार विनोदी चित्रपट हे दोन्ही रस एकाच वेळी मांडतो, म्हणून त्यातील अतिरेक दोषही असतो आणि आनंदाचे कारणही असतो. 'अमर अकबर अँथनी'मध्ये (१९७७) तिघा मुलांचे रक्त एकाच वेळी नळ्यांतून थेट आईला चढते, तेव्हा आपण वैद्यकशास्त्र विसरलेले नसतो. ते आठवत असल्यामुळेच त्या प्रसंगाची भव्यता जाणवते.

आणखी एक सांगतो. अशा चित्रपटांतला असंभव स्वैर नसतो. 'दे दणादण'मध्ये बेर्डे यांच्या हवालदाराला अफाट शक्ती मिळते आणि लाल रंग दिसताच ती जाते. एकदा हा नियम ठरला की चित्रपट तो पाळतो, आणि प्रेक्षक प्रत्येक प्रसंगात लाल रंग कोठून येणार याची वाट पाहत बसतो. म्हणून 'अतर्क्य' हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. येथे तर्क आहे, फक्त तो आपल्या जगाचा नाही.

दौत :
मग 'अचाट' ठेवून 'अतर्क्य' वगळावा, म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले.

रेघ :
सिद्ध झाले नाही. 'अचाट' फक्त मोठेपणा सांगतो, हास्य सांगत नाही. अचाट कामगिरी गिर्यारोहकाचीही असते.

आडवाट :
सर्वांचा आभारी आहे. पत्रिका या आठवड्यात छापायला जायची आहे. 'अचाट धमाल' असे लिहिले तर हास्याचा आक्षेप दूर होईल का? की 'ओव्हर द टॉप' देवनागरीत तसेच ठेवावे? पहिल्या महायुद्धात खंदकाच्या काठावरून बाहेर उडी घेण्याला हे शब्द वापरले जात, आणि आता आंतरजालावरून चित्रपट दाखवणाऱ्या सेवांच्या 'ओटीटी' या नावातून तेच घराघरांत पोहोचले आहेत. अर्थात तेथे त्यांचा अतिरेकाशी काही संबंध राहिलेला नाही.

पाणवठा :
नेमके म्हणूनच ठेवू नये, वाचकाला वाटेल की चित्रपट भ्रमणध्वनीवर दाखवणार आहेत. मात्र 'धमाल'बद्दल मला शंका आहे. गुजरातेतील सिद्दी समाजाच्या नृत्यालाही धमाल म्हणतात. आपल्याकडील 'धमाल' आणि ते नृत्य यांचे मूळ एकच आहे का, हे कोणी सांगू शकेल का?

कोरीपाटी :
होळीच्या वेळी गायच्या गीतप्रकारालाही धमार म्हणतात, आणि 'र'चा 'ल' होणे आपल्या भाषांना नवीन नाही. मी त्या दिशेने पाहीन. 'देमार'मधला 'मार' मात्र मी अजून सोडलेला नाही.