हाडाला भार कळतो तरी कसा?

प्रश्न: ६ आठवड्यांनी वडिलांच्या पायाचे प्लास्टर निघाले, तेव्हा पोटरी बारीक झाली होतीच, पण एक्स-रेमध्ये हाडही विरळ दिसते असे डॉक्टर म्हणाले. स्नायूचे समजते, परंतु हाडासारख्या कठीण वस्तूला आपल्यावर भार नाही हे कळते कसे?

उत्तर १: हाड वरून दगडासारखे भासले तरी त्याच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या जिवंत पेशी सूक्ष्म नलिकांच्या जाळ्यात बसलेल्या असतात. पाऊल टेकताच हाड किंचित वाकते, नलिकांमधला द्रव, ओला स्पंज दाबावा तसा, सरकतो आणि तो प्रवाह पेशींना जाणवतो. भार असला की या पेशी स्क्लेरोस्टिन हे हाडबांधणीला लगाम घालणारे प्रथिन कमी स्रवतात. भार गेला की ते वाढते.

उत्तर २: अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते, ती मुख्यतः याच कारणाने. उलट टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते.

प्रश्नकर्ता: मग वडील नुसते उभे राहिले तर पुरेल का?

उत्तर १: स्थिर भाराचा उपयोग फार थोडा, द्रव हलायला भार चढता-उतरता हवा. त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर चालणेच बरे.