‘मिलिशिया’ला मराठीत काय म्हणावे? फौज, फौजदारी आणि कोर्टमार्शल यांविषयी

प्रश्न (नाशिकरोडहून)

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतील सैन्य आणि न्यायव्यवस्था यांविषयीच्या काही इंग्रजी लेखांचा अनुवाद करताना माझे चार शब्दांपाशी अडले आहे. ‘मिलिशिया’साठी, म्हणजे नेहमीच्या सैन्याबाहेरच्या सशस्त्र दलासाठी, मी ‘सशस्त्र टोळी’ लिहिले, ‘मिलिटरी लॉ’ आणि ‘मार्शल लॉ’ या दोहोंसाठी ‘लष्करी कायदा’ लिहिले, आणि सैनिकाच्या हातून घडलेल्या ‘सिव्हिल ऑफेन्स’ला ‘दिवाणी गुन्हा’ म्हटले. दुसऱ्या वाचनात या सर्व ठिकाणी अर्थ निसटलेला दिसतो. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

उत्तर (गंगापूर रोडवरून)

शेवटच्या शब्दापासून आरंभ करतो, कारण तेथील चूक सर्वांत मोठी आहे. मराठीत दावा दिवाणी असतो. गुन्हा म्हटला की तो फौजदारीच. आपल्या १९५० च्या सेना अधिनियमात ‘सिव्हिल ऑफेन्स’ म्हणजे चोरी, मारहाण, खून यांसारखा, साध्या फौजदारी न्यायालयात चालू शकेल असा गुन्हा. तेथे ‘सिव्हिल’ हा शब्द ‘क्रिमिनल’च्या विरोधात नसून ‘मिलिटरी’च्या विरोधात उभा आहे. म्हणून ‘सर्वसाधारण कायद्याखालील गुन्हा’ असे लांबलचक पण निर्दोष लिहावे.

यातली गंमत अशी की, ज्या शब्दाने आपण सैन्याबाहेरचे न्यायालय ओळखतो, त्या ‘फौजदारी’च्या पोटातच फौज बसलेली आहे. मोगल अमलातला फौजदार हा फौजेचा अधिकारी होता आणि मुलखाचा बंदोबस्तही त्याच्याकडेच असे. पुढे फौज निघून गेली आणि शब्द मागे राहिला. शस्त्र, बंदोबस्त आणि शिक्षा ही तिन्ही कामे एका हातात असणे म्हणजे काय, हे आपल्या भाषेने असे जपून ठेवले आहे. आपण ज्या देशांविषयी अनुवाद करीत आहात, त्यांच्यापुढे पहिल्या काही वर्षांत हीच गाठ सोडवण्याचे काम होते.

‘लष्करी कायदा’ हा शब्द मात्र दोन अर्थांसाठी वापरू नये. सैनिकाला सेवेत असताना जो कायदा लागू असतो तो ‘सैनिकी कायदा’. नागरी सत्ता बाजूला सारून लष्कर सामान्य माणसांवर जो अंमल बसवते तो ‘मार्शल लॉ’. १९३० साली सोलापूरने तो अनुभवला आणि तेव्हापासून हा शब्द मराठीत जसाच्या तसा वावरतो आहे. त्याचे भाषांतर करण्याचे मला तरी कारण दिसत नाही. पाकिस्तानात १९५३ साली लाहोरमध्ये मार्शल लॉ आला, तेव्हा लष्करी न्यायालयाने ‘जमात-ए-इस्लामी’चे संस्थापक मौलाना मौदूदी यांना, म्हणजे एका नागरिकाला, देहान्ताची शिक्षा सुनावली होती. ती पुढे अमलात आली नाही. येथे ‘लष्करी कायद्यान्वये शिक्षा’ असे लिहिले, तर मौदूदी सैनिक होते असा वाचकाचा समज होईल.

आता ‘मिलिशिया’. या शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द शोधणे मला व्यर्थ वाटते. त्याऐवजी प्रत्येक दलाविषयी तीन गोष्टी पाहाव्यात: त्याला पगार कोण देतो, हुकूम कोणाचा चालतो आणि त्याच्या माणसाने अपराध केला तर खटला कोठे चालतो. अमेरिकेत १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या धडधाकट गोऱ्या नागरिकांची नावे मिलिशियात नोंदवायची ठरली आणि मिलिशियातील माणसाचे कोर्टमार्शल मिलिशियाच्याच अधिकाऱ्यांनी चालवावे, खड्या सैन्याच्या नव्हे, असेही त्याच वर्षी कायद्याने ठरले. ही ‘नागरी सेना’ होय. तिला ‘टोळी’ म्हणणे अन्यायाचे आहे. उलट बांगलादेशात १९७२ साली उभी राहिलेली ‘जातीय रक्षी बाहिनी’ ही सरकारने पोसलेली, वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार मिळालेली आणि १९७५ मध्ये सैन्यात विलीन झालेली होती. तिला ‘निमलष्करी दल’ म्हणावे; मात्र ‘जातीय’चा अर्थ तेथे ‘राष्ट्रीय’ असा आहे, ही टीप मराठी वाचकासाठी अवश्य द्यावी, नाहीतर अनर्थ ओढवेल.

सोव्हिएत संघातून १९९१ साली बाहेर पडलेल्या देशांविषयीच्या मजकुरात ‘मिलिशिया’ दिसली, तर बहुधा तेथे साधे ‘पोलीस’ लिहावे. रशियाने पोलिसांचे हे नाव २०११ मध्ये बदलले. बेलारूसमध्ये ते अजून चालते.

प्रतिसाद (देवळाली कॅम्पहून, तोफखान्यातील सेवानिवृत्त सुभेदार)

सरांचे विवेचन पटले, पण ‘कोर्टमार्शल’ राहून गेले. आपल्याकडे ‘त्याचे कोर्टमार्शल झाले’ म्हटले की लोकांना माणूस बडतर्फ झाला असेच वाटते, आणि हल्ली तर घरात कोणी रागावले तरी ‘माझे कोर्टमार्शल झाले’ म्हणतात. प्रत्यक्षात तो खटला असतो आणि त्यात माणूस निर्दोषही सुटतो. सेना अधिनियमात त्याचे चार प्रकार आहेत. जनरल कोर्टमार्शलला किमान पाच अधिकारी बसतात. समरी कोर्टमार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. अनुवादात नुसते ‘लष्करी न्यायालय’ लिहिले, तर हा फरक पुसला जातो. (आमच्या गावाच्या नावावरून इंग्रजांनी ‘डुलॅली’, म्हणजे भ्रमिष्ट, असा शब्द घडवला, तेव्हा शब्दांच्या बाबतीत आम्ही देवळालीकर जरा जपून असतो.)

उत्तर (गंगापूर रोडवरून)

सुभेदारसाहेबांची सूचना मान्य. त्यात एवढीच भर घालतो की प्रत्येक लष्करी न्यायालय हे कोर्टमार्शल नसते. आयर्लंडमध्ये यादवी चालू असताना, सप्टेंबर १९२२ मध्ये, तेथील संसदेने एक ठराव केला आणि ब्रिटनशी झालेला करार न मानणाऱ्या विरोधकांवर लष्करी न्यायालयांत खटले चालवून देहान्त देण्याची मोकळीक सैन्याला दिली. या विरोधकांपैकी एक, लेखक अर्स्किन चाइल्डर्स यांना नोव्हेंबरात गोळ्या घातल्या गेल्या, त्या पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून. ते पिस्तूल त्यांना, पुढे सरकारी सैन्याचे सरसेनापती झालेले मायकेल कॉलिन्स यांनीच दिलेले होते. या विरोधकांना सरकार ‘इरेग्युलर्स’ म्हणे. कृपया त्याचे ‘अनियमित’ करू नका, त्याने ते उशिरा कामावर येणारे कारकून वाटतात. महादजी शिंद्यांच्या ‘कवायती फौजे’ची आठवण ठेवून ‘बिनकवायती’ म्हणता येईल, पण त्या इंग्रजी शब्दातला हेटाळणीचा सूर त्यात उतरत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

प्रश्न (नाशिकरोडहून)

सर, मग आपला जुना ‘शिबंदी’ हा शब्द का नको? आणि ‘रझाकार’ येथे चालेल काय?

उत्तर (गंगापूर रोडवरून)

शिबंदी ही किल्ल्याच्या वा वसुलीच्या कामासाठी पगारावर ठेवलेली माणसे. शब्द देखणा आहे, पण त्यात स्वयंसेवकाची छटा नाही आणि आजच्या वाचकाला तो किल्ल्याबाहेर ओळखू येत नाही. ‘रझाकार’चे उलटे आहे. मूळ अर्थ स्वयंसेवक. पण येवल्याच्या पूर्वेचे वैजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे आपल्या जिल्ह्याच्या त्या कडेलाही हा शब्द दहशतीचाच म्हणून ऐकला गेला. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात सरकारी अध्यादेशाने रझाकार दल उभारले गेले, तेथे ते विशेषनाम म्हणून ठेवा, अन्यत्र टाळा.

शेवटी, इंडोनेशियावरील लेखात ‘लस्कर’ हा शब्द आला असेल, तर तेथे सावध राहा. शब्द आपल्या ‘लष्कर’चाच भाऊबंद आहे, पण १९४५ नंतर तेथे त्याचा अर्थ सैन्याबाहेरची लढाऊ दले असा होता, आणि जून १९४७ मध्ये सैन्य आणि ही दले एकत्र करून राष्ट्रीय सेना उभारल्याची घोषणा झाली. ‘लष्कर सैन्यात विलीन झाले’ असे वाक्य मराठीत छापले गेले, तर वाचक ती मुद्रणदोषाची चूक समजेल. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘लस्कर नावाची लोकदले’ आणि पुढे केवळ ‘लोकदले’ असे लिहावे.