मदत हवी आहे: गोठवलेले बेडकांचे शुक्राणू वितळवल्यावर हालत नाहीत
नमस्कार मंडळी. नराला हार्मोनचं इंजेक्शन दिल्यावर लघवीतून मिळणारे शुक्राणू आम्ही साठवतोय. ४ अंश सेल्सिअसला ते काही दिवस छान टिकतात. साध्या पाण्याचा थेंब टाकला की क्षार विरळ होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेपट्या वळवळायला लागतात. दरवेळी ते बघून जीव हरखतो. पण द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवून बाहेर काढले की बहुतेक निपचित! गोठताना शुक्राणूंना इजा होऊ नये म्हणून सध्या १० टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड आणि सुक्रोज ही साखर वापरतोय. त्याऐवजी डायमिथाइल फॉर्मामाइड आणि ट्रेहॅलोज ही दुसरी साखर कुणी वापरून पाहिलंय का? बुडवण्याआधी नळ्या नायट्रोजनच्या वाफेत किती वेळ धरता? आमच्याकडे या जातीचे मोजकेच नर आहेत, एकेक नमुना वाया गेला की फार लागतं.