मेंदूतल्या नर-मादी फरकांवर पीएच.डी. करावी का?

केतकी_बडोदा:
नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. एम.एससी. झूलॉजीचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. डिसर्टेशनला ताणाचा हिप्पोकॅम्पसवर (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग) काय परिणाम होतो ते विस्टार जातीच्या रॅट्समध्ये बघितलं. प्रोटोकॉलमध्ये सगळे नर. माद्या का नाहीत असं विचारलं, तर "त्यांची हॉर्मोन्सची सायकल मध्ये येते, रीडिंग्ज हलतात" एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. नैराश्य बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं असं आम्ही परीक्षेत लिहितो, आणि ताणाचा अभ्यास मात्र नरांवर करतो!

मला पीएच.डी.ला हाच विषय घ्यायचाय. एका सीनियर सरांनी स्पष्ट सांगितलं, "या भानगडीत पडू नकोस. काहीही सापडलं तरी कोणी ना कोणी अंगावर येणार, आणि पुढे नोकरी मिळणार नाही." बाबांना फार्मा कंपनीतली क्यूसीची (गुणवत्ता तपासणीची) नोकरी बरी वाटते. आजी विचारते, "म्हणजे बायकांना अक्कल कमी असते हे तू सिद्ध करणार का गं?"

यात करिअर होतं का? रोजचं काम कसं असतं? कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

रावपुऱ्यातल्या_काकू:
केतकी, मी एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हॉर्मोन्सच्या अभ्यासात, आयुष्य काढून निवृत्त झाले, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. लांबलचक लिहितेय, सवडीने वाच.

तुला जे ऐकवलं ते याआधी फार मोठ्या माणसांनाही ऐकवलं गेलंय. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसवरचे लॅरी केहिल. भावनेने भारलेल्या आठवणी इतक्या पक्क्या का बसतात, हा त्यांचा मूळ विषय. १९९४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना ताणाच्या हॉर्मोन्सचा परिणाम रोखणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन एक गोष्ट स्लाइड्सवर दाखवली. गोष्टीतला हादरवणारा भाग त्या लोकांना कमी आठवला, साधा भाग मात्र इतरांइतकाच आठवला. तोवर स्त्री-पुरुष हा मुद्दाच नव्हता. मग १९९६ मध्ये फक्त पुरुषांचे मेंदू स्कॅन केले, तर अशा आठवणींशी उजव्या अमिग्डालाचा (मेंदूतला भावनांशी निगडित भाग) संबंध दिसला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने फक्त बायका घेतल्या होत्या, तिथे डावा दिसला. केहिल यांनी दोघांनाही एकाच प्रयोगात घेतलं, आणि २००१ मध्ये छापलं: पुरुषांत उजवा, बायकांत डावा. त्याच सुमारास एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना बजावलं होतं की यात पडलात तर करिअर संपेल. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. करिअर संपलं नाही. २००६ मध्ये त्यांचा या विषयावरचा मोठा आढावा आला, २०१७ मध्ये जर्नल ऑफ न्यूरोसायन्स रिसर्चचा अख्खा अंक याच विषयावर निघाला आणि त्याचे संपादक तेच होते.

आता रोजचं काम. मादी रॅटची सायकल चार-पाच दिवसांची. रोज सकाळी ठरल्या वेळी जनावर हातात घ्यायचं, ड्रॉपरने सलाइनचा थेंब योनीत सोडून परत ओढायचा, स्लाइडवर ठेवायचा (हाच स्मीअर) आणि मायक्रोस्कोपखाली पेशी बघून त्या दिवशी सायकलचा कोणता टप्पा आहे ते ठरवायचं. प्रोएस्ट्रसला, म्हणजे बीज बाहेर पडण्याआधीच्या टप्प्यात, केंद्रक असलेल्या गोल पेशींचे घोस दिसतात. त्यानंतरच्या एस्ट्रसला केंद्रक नसलेल्या, कडा दुमडलेल्या चपट्या पेशी, पोह्यांसारख्या. मग डायएस्ट्रस या टप्प्यात बारीक पांढऱ्या पेशींची गर्दी. हात घट्ट धरला तर जनावर घाबरतं, आणि तू ताणच मोजत असशील तर तिथेच प्रयोग बिघडला. म्हणून आधी नुसतं हाताळायची सवय लावायची, नरांनाही तितकीच. उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर असतं तेव्हाही स्मीअर चुकवायचा नाही. मला ते काम फार आवडायचं.

आणि त्या "हलणाऱ्या रीडिंग्ज"बद्दल. १९९० मध्ये कॅथरीन वुली, ब्रूस मॅकइवन वगैरेंनी दाखवलं की मादी रॅटच्या हिप्पोकॅम्पसमधल्या सीए-१ भागात चेतापेशींवरचे काटे, म्हणजे जिथे दुसऱ्या पेशीचा निरोप येऊन पोचतो त्या जागा, प्रोएस्ट्रसपासून एस्ट्रसपर्यंत जवळपास ३० टक्क्यांनी घटतात. चोवीस तासांत! पूर्ण वाढ झालेल्या मेंदूची रचना इतक्या वेगाने बदलते हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माद्या वगळल्या असत्या तर ते दिसलंच नसतं. उलट २०१४ मध्ये प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचे शेकडो पेपर तपासले, तर सायकल न बघता घेतलेल्या माद्यांच्या आकड्यांत नरांपेक्षा जास्त चढउतार नव्हते. नर आपापसांत भांडतात, त्यांच्यात वरखाली ठरतं, त्यानेही आकडे हलतात. तेव्हा तुला मिळालेलं उत्तर टिकत नाही.

रामबाग_मेडिकल_इंदूर:
काकूंना +१. मी इंदूरला औषधांच्या दुकानात बसतो. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ साली आली. जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या औषधांचं नियमन करणाऱ्या एफडीएने बायकांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला सांगितलं, कारण बायकांच्या शरीरातून ती सावकाश उतरते आणि सकाळी गाडी चालवताना गुंगी राहू शकते. मधली वीस वर्षं बायका पुरुषांचाच डोस घेत होत्या. ताई, हा विषय जरूर घ्या. काउंटरच्या या बाजूने सांगतो, आम्हाला त्याची गरज आहे.

लष्करवाला_ग्वाल्हेर:
मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. विषय चांगला आहे, मात्र त्याच्या बातम्या कशा होतात ते दर वर्षी वर्गात बघतो. "बायकांना नकाशा कळत नाही, कारण मेंदूच वेगळा" असं लिहिलेली उत्तरपत्रिका वाचताना खरंच वाईट वाटतं. दॅफ्ना जोएल यांनी २०१५ मध्ये १,४०० हून जास्त मेंदूंचे एमआरआय तपासले. काही भाग सरासरीने पुरुषांत मोठे, काही बायकांत. पण सगळेच भाग एका टोकाचे असलेले मेंदू फार थोडे निघाले. बहुतेकांमध्ये सरमिसळ. पुरुषांचा मेंदू सरासरीने सुमारे ११ टक्के मोठा भरतो हे खरं, पण त्यांचं शरीरही मोठं असतं. केतकी, हे आजींना नक्की सांग. आणि पहिला पेपर छापशील तेव्हा सारांशात दोन्ही गटांचे आकडे एकमेकांवर किती चढलेले आहेत ते लिही.

केतकी_बडोदा:
सर, काकू, सगळ्यांचे मनापासून आभार. पण गोंधळ वाढला. मेंदू सरमिसळ असेल तर वेगळं शोधायचं काय?

रावपुऱ्यातल्या_काकू:
सरांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि तरी शोधायला भरपूर आहे. सरासरी आकारात तू अडकूच नकोस. इंदूरच्या दादांचं उदाहरणही नीट बघ: तिथला फरक मुख्यतः गोळी रक्तातून उतरण्याच्या वेगातला आहे. फरक नेमका कुठे आहे हे शोधणं हेच तर काम.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण वेदनेचं आहे. २०१५ मध्ये रॉबर्ट सोर्ज, जेफ्री मोगिल वगैरेंनी उंदरांच्या नसेला इजा करून बघितली. नर-माद्यांची वेदना सारखीच. मग मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारशक्तीच्या पेशी थांबवल्या, तर नरांची वेदना कमी झाली, माद्यांची नाही. माद्यांमध्ये ते काम प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्याच पेशी करत असाव्यात असं दिसलं. बाहेरून काहीच फरक नाही, आतली वाट मात्र निराळी. नुसत्या नरांवर शोधलेलं वेदनेचं औषध बायकांना लागू पडलं नाही, तर ते का, हे तुझ्यासारखीलाच सांगता येईल. आजीला हे सांग, गुडघे तिचेही दुखत असतील.

करिअरचं म्हणशील तर "नर-मादी फरक" असा वेगळा कप्पा करू नकोस. ताण, वेदना, स्मृती, असा एक प्रश्न धर आणि त्यात दोन्ही घे. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या एनआयएचने २०१६ पासून अनुदानाच्या अर्जात नर-मादी दोन्हींचा विचार मागायला सुरुवात केली. परदेशात पोस्टडॉकला जाशील तेव्हा हेच कौशल्य उपयोगी पडेल.

आणि प्राण्यांच्या एथिक्स कमिटीचा फॉर्म बी (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरताना "माद्या घेतल्या की संख्या दुप्पट होईल" असं कोणी म्हणेल. आठ नर आणि आठ नर असे दोन गट करण्याऐवजी प्रत्येक गटात चार नर, चार माद्या घे आणि फॅक्टोरियल पद्धतीने, म्हणजे ताण आणि नर-मादी हे दोन्ही घटक एकत्र धरून, विश्लेषण कर. ताणाचा मुख्य परिणाम तेवढ्याच जनावरांत कळतो. फक्त तो नर-माद्यांत वेगळा आहे का हे ठामपणे सांगायला संख्या वाढवावी लागते, ती पायलट म्हणजे छोट्या चाचणी-प्रयोगानंतर वाढव. मसुदा झाला की मला व्यक्तिगत संदेशात पाठव, मी ओळन् ओळ वाचून देते.